पाभरीला तेल द्यायचं होतं

"पाभरीला तेल देऊन ठेव. पाचमेला लागेल," एवढंच मोटाभाई सुरतेहून फोनवर म्हणाले आणि नेहमीप्रमाणे पुढचं काही न ऐकता त्यांनी फोन ठेवला. तेलाची वाटी, जुनं फडकं आणि एक स्टूल, एवढ्यात भागणारं काम होतं. धनसुखलाल वेकरियाने पाटबंधारे खात्यात सबंध नोकरी कारकून म्हणून काढली होती. फुटलेले कालवे त्याने पाहिले होते, वाहून गेलेले पूल पाहिले होते. पण वाटीभर तेलातून एवढा अनर्थ निघालेला त्यानेही पाहिला नव्हता. (धनसुखलालची साठी उलटली आहे, तरी त्याला अरेतुरे केलंय, कारण घरात तो धाकटा. धाकटा माणूस पेन्शनीत निघाला तरी धाकटाच राहतो.)

पाभर, म्हणजे बैलांनी ओढायचं पेरणीचं अवजार, ओसरीत दोन खुंट्यांवर टांगलेली असे. वेळाकुवा गावात आता सगळी पेरणी ट्रॅक्टरने होते. पण दिवाळीनंतरच्या लाभपाचमेला गव्हाचा पहिला चास, म्हणजे पेरणीची पहिली ओळ, वेकरियांच्या शेतात याच पाभरीने पडायचा. वडलांची पाभर, आंबाभाईंची बैलजोडी, कारण गावात दुसरी उरलीच नाही, आणि दोर मोटाभाईंच्या, म्हणजे थोरल्या वशरामभाईंच्या हातात. त्यांचा चास पडल्याशिवाय गावातला एकही ट्रॅक्टर सुरू होत नसे. गहू उगवला की तो चास रस्त्यावरून जाणाऱ्या बसमधूनही दिसे, आणि तो इतका सरळ असे की लोक त्यावरून वेकरियांच्या घराण्याची परीक्षा करत. धनसुखलालच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा मुलाकडच्यांनी मुलीआधी शेत पाहून घेतलं होतं.

तर धनसुखलाल स्टुलावर चढला, पाभरीला दोन्ही हात घातले, आणि ज्या आडव्या लाकडाला सगळे फण ठोकलेले असतात ते दिंड मधोमध तुटून त्याच्या हातात आलं. एक तुकडा उजव्या हातात, एक डाव्या. मधून पिठासारखी माती भुरभुरली आणि तिच्यातून वाळवी धावत सुटली.

"मोडलीत?" मुक्ताबेनने, त्याच्या बायकोने, आतून विचारलं.

"मोडली नाही. सुटली."

"सुटली म्हणजे जोडता येईल?"

धनसुखलालने तुकड्यात डोकावून पाहिलं. आत लाकूड नव्हतंच, नुसती साल होती.

"नाही."

"मग मोडली," मुक्ताबेन म्हणाली आणि बाहेर येऊन तिने ते पाहिलं. मग तिने डोक्यावरचा पदर नकळत पुढे ओढला, जणू मोटाभाई समोरच उभे आहेत.

मोटाभाई मारकुटे नव्हते. त्यांनी कधी कुणावर आवाजही चढवला नव्हता. भीती त्याचीच होती. धनसुखलाल नववीत नापास झाला तेव्हा मोटाभाईंनी निकालपत्र पाहिलं, "हं" म्हटलं आणि बैलांना चारा टाकायला निघून गेले. त्या एका "हं"वर धनसुखलालने पुढच्या सगळ्या परीक्षा काढल्या. त्याच्या लग्नात त्याने हौसेने सूट शिवला तेव्हाही मोटाभाई "हं" म्हणाले होते, आणि त्याने भर उन्हाळ्यात तो सूट पेटीत बंद केला होता. आता वडलांची पाभर दोन तुकड्यांत बघून मोटाभाई काय म्हणतील हे त्याला नक्की ठाऊक होतं, आणि ठाऊक होतं म्हणूनच त्याला खाली उतरवेना. तो स्टुलावरच बसला.

भिंतीपलीकडे नानजीभाई राहतात. एसटीत कंडक्टर होते. लाकूड तुटल्याचा आवाज त्यांनी ऐकला होता आणि तुटल्यावर काय तुटलं ते बघायला येण्याची त्यांची जुनी रीत होती. त्यांनी दोन्ही तुकडे हातात घेऊन जोखले.

"धनसुखभाई, आता एक सांगतो, लक्ष देऊन ऐका. वशरामभाईंना 'मोडली' म्हणालात तर तो गुन्हा. 'सुधारली' म्हणालात तर ते कौतुक."

"म्हणजे?"

"म्हणजे नवीन लाकूड घालू नका. लाकूड बघितलं की माणूस विचारतो, जुनं कुठे गेलं. लोखंड घाला. लोखंड बघितलं की कुणी विचारत नाही, माणूस गप्प बसतो. वर चार सुधारणा करा. मोटाभाई आले की म्हणायचं, जमाना बदलला, मोटाभाई, आपली पाभर मागे का राहावी?"

हे वाक्य मोटाभाईंसमोर बोलायची कल्पना करूनच धनसुखलालला घाम फुटला. पण त्याने आयुष्यभर 'कालवा फुटला' याऐवजी 'कालव्याचे पुनर्बांधणीकाम प्रस्तावित' असं लिहिलं होतं. नानजीभाईंचा सल्ला त्याला ओळखीचा वाटला.

करसन वेल्डरचं दुकान बसथांब्याच्या मागे आहे. करसनला साधं काम सांगितलं की त्याचा अपमान होतो. दार बसवायला दिलं तर तो त्याला खिडकी काढून देतो. त्याने पाभरीकडे पाहिलं आणि त्याचे डोळे चमकले, तिथेच धनसुखलालने उठून यायला हवं होतं.

"काका, दिंड तर मी हातपंपाच्या पाइपचं करतो. शंभर वर्षं बघायला नको. पण पाइप जड, बैल दमतील. म्हणजे चाकं आली."

"चाकं?"

"आणि बी काय हाताने सोडणार आता? चाड्याच्या जागी पेटी बसवू. पेटीखाली वायपरची मोटर. गाडीच्या काचेवर पाऊस पुसतो ना, ती. ती अशी अशी हलली की दाणे एकसारखे गळतील. आणि नळी तुंबली तर कळायला भोंगा."

"भोंगा कशाला? मी बघेन की."

"तुम्ही बघाल? काका, तुम्ही आतापर्यंत काय बघितलं? वाळवी लागलेली बघितली?"

हे लागलं. धनसुखलालने भोंग्याला होकार दिला. भोंगा छकडो नावाच्या तीनचाकी रिक्षाचा होता. चाकांपैकी एक स्कूटरचं होतं आणि दुसरं, करसनच्या म्हणण्याप्रमाणे, "स्कूटरसारख्याच एका गाडीचं."

मग नानजीभाईंना आठवलं की जुन्या अवजारांच्या सुधारणेला सरकार मदत देतं. पैशांचं राहू द्या, पण सरकारी शिक्का असलेला कागद मोटाभाईंच्या हातात ठेवला तर ते "हं" म्हणणार नाहीत, सरकारपुढे कोण "हं" म्हणतं? हा मुद्दा धनसुखलालला इतका पटला की तो इस्त्रीचा शर्ट घालून तालुक्याला गेला. एवढी वर्षं टेबलाच्या त्या बाजूला बसलेला माणूस या बाजूला बसला की त्याला किती थंडी वाजते, हे त्याला त्या दिवशी कळलं.

टेबलामागच्या साहेबांनी चहा घेत अर्ज वाचला. "बैलचलित की मोटरचलित?"

"दोन्ही. ओढतात बैल, बी सोडते मोटर."

"दोन्हीसाठी रकाना नाही. बैलचलित लिहिलं तर बैलांचा फोटो लागेल. मोटरचलित लिहिलं तर मोटरचा दाखला."

"मोटर वायपरची आहे."

"मग गाडी कुठाय?"

"गाडी नाहीये. नुसता वायपर आहे."

साहेबांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. पाटबंधाऱ्यात असताना धनसुखलाल लोकांकडे असाच बघायचा.

"बरं. जुनं अवजार निकामी झाल्याचा पंचनामा लागेल. मालकाच्या सहीने. मालक कोण?"

"मोठे भाऊ. वशरामभाई."

"त्यांची संमती आहे ना? नंबर इथे आहेच, सातबाऱ्याबरोबर. विचारून टाकू, काम मोकळं होईल." आणि धनसुखलालला "नको" म्हणायचं सुचायच्या आत साहेबांनी फोन लावलासुद्धा. "हां, वशरामभाई वेकरिया? तालुक्याहून बोलतोय. तुमची पाभर निकामी..."

यापुढे काय झालं ते धनसुखलाल शपथेवर सांगतो की मुद्दाम नव्हतं. हात पुढे गेला आणि साहेबांचा चहा अर्जावर, अर्जावरून साहेबांच्या पँटवर गेला. फोन बंद पडला. साहेब उभे राहिले. त्यांनी जे म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि अर्जावर त्यांनी काय लिहिलं ते चहामुळे वाचता आलं नाही.

संध्याकाळी मोटाभाईंचा फोन आला. धनसुखलालने तो उभं राहून घेतला.

"तालुक्यातून कुणाचा तरी फोन होता. पाभरीचं काही म्हणत होता."

"चुकून लागला असेल, मोटाभाई."

"पाभरीचं चुकून?"

पलीकडे सुरतेच्या रस्त्यावरच्या गाड्या ऐकू येत होत्या.

"तेल दिलंस ना?"

"दिलं," तो म्हणाला. खोटं नव्हतं. करसनने पाइपला, चाकांना आणि मोटरला, सगळ्याला तेल दिलं होतं.

"हं," मोटाभाई म्हणाले.

त्या दिवसापासून धनसुखलालचं जेवण कमी झालं. रोटला पुढे आला की त्याला वाटे, मोटाभाईंना कळलंय. ताक प्यायला की वाटे, कळलं नसेल. मुक्ताबेन म्हणाली, "सांगून टाका ना खरं." तो म्हणाला, "सांगतो." आणि फोन हातात घेतला की वायपरच्या मोटरचा विषय कुठून काढायचा हेच सुचेना.

दिवाळीला सुरतेहून हिऱ्याच्या कारखान्यातली सगळी पोरं गावात आली. घराघरात पाहुणे, ओट्याओट्यावर गांठिया आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल. नानजीभाई म्हणाले, चाचणी आताच घेऊ, लोक आहेत तर कौतुक होईल. धनसुखलालला कौतुक नको होतं. त्याला एकांत हवा होता. पण पाडव्याला, नव्या वर्षाच्या दिवशी, लोक साल मुबारक करायला आले आणि पाभरीमागे शेतापर्यंत चालत गेले.

आंबाभाईंनी बैल जुंपले. पाभर निघाली. निघाली ती डावीकडेच. बैल सरळ ओढत होते, पण लहान-मोठ्या चाकांची ती बया डावीकडे वळून बांधाला गेली. तेवढ्यात नळी तुंबली आणि भोंगा वाजला. भोंगा वाजला तो थांबेचना. बैलांनी जन्मात पाठीमागून छकडो ऐकला नव्हता. ते शेपट्या वर करून पळाले, पाभर त्यांच्यामागे उड्या मारत गेली, आणि सगळी वरात नानजीभाईंच्या वांग्यांतून आरपार निघून कुंपणाच्या बाभळीत जाऊन अडकली. भोंगा तिथेही वाजतच होता. करसनने शेवटी दगड घालून तो बंद केला.

"माझी वांगी!" नानजीभाई ओरडले. सल्ला आपलाच होता हे ते त्या क्षणी विसरले आणि पुढेही त्यांना कधी आठवलं नाही.

पोरं हसून हसून बांधावर बसली होती. वांगी गेल्याचं धनसुखलालला काहीच वाटलं नाही. त्याचं लक्ष मोबाइलांकडे होतं. सगळे उभे धरलेले होते. म्हणजे हे सगळं आत गेलं होतं, आणि आत गेलेलं सुरतेला पोहोचायला किती वेळ लागतो? तो त्या दिवशी घरोघर फिरला. साल मुबारक म्हणून आत शिरायचा, तोंडात मोहनथाळ टाकायचा आणि पोराचा हात धरून म्हणायचा, "बेटा, तेवढं पुसून टाक. मोटाभाई बघतील." पोरं लगेच पुसून टाकायची. मोटाभाईंचं नाव काढलं की तीही घाबरत. एकजण मात्र म्हणाला, "काका, आम्ही पुसलं, पण आम्ही आधी सगळ्यांना पाठवलंय."

करसनने मग निमूटपणे दोन्ही चाकं एका मापाची आणून बसवली. भोंगा गेलाच होता. त्याने आणि धनसुखलालने आंबाभाईंच्या वाड्यामागे दोरी ताणून पाभर चालवून बघितली. पाभर दोरीशेजारून सरळ गेली, पुन्हा आली, तरी सरळ. करसन म्हणाला, "आता हिला आंधळ्यानेही चालवावं." धनसुखलालला त्या रात्री झोप लागली.

चवथीला मोटाभाई आले. डोळ्यांवर मोठा काळा चष्मा. मोतीबिंदूसाठीच ते सुरतेला मुलाकडे गेले होते. "झालं का ऑपरेशन?" गावाने विचारलं. "झालं," मोटाभाई म्हणाले. पाय धुतले, भिंतीला हात लावत ओसरीत आले आणि रिकाम्या खुंट्यांखालच्या खाटेवर बसले. धनसुखलाल समोर उभा होता. खुंट्या मोटाभाईंच्या डोक्यावर होत्या, दोन मोकळ्या बोटांसारख्या. त्यांनी वर पाहिलंही नाही.

"मोटाभाई, ती पाभर मी... शेतावर ठेवलीय. झाकून."

"बरं."

"थोडी सुधारणा केलीय."

"उद्या बघू."

"हं" नाही. धनसुखलाल आणखीच घाबरला. हा राग "हं"च्या पलीकडचा दिसत होता. मोटाभाई ताटातल्या वाटीला हात लावून मग त्यात घास बुडवत होते, पाण्याचा पेला चाचपून उचलत होते. धनसुखलालला वाटलं, माझ्याकडे बघायची इच्छा नाही म्हणून हे ताटाकडेही बघत नाहीत.

पाचमेच्या सकाळी सगळं गाव शेताच्या बांधावर होतं. वांग्यांची हकीकत सगळ्यांना माहीत होती, त्यामुळे नेहमीपेक्षा गर्दी जास्त. धनसुखलालने दोरीने माप घेऊन शेताच्या पलीकडच्या टोकाला काठी रोवून तिला लाल फडकं बांधलं होतं. त्या फडक्यावर नजर ठेवून चास टाकायचा असतो. टाकणाऱ्याने टोकाला पोहोचेपर्यंत मागे वळून बघायचं नाही, आणि त्याला मागून कुणी हाक मारायची नाही, ही वेळाकुव्याची जुनी रीत. बैलांना मागची हाक लागली तर पीक लागत नाही म्हणतात.

मुक्ताबेनने बैलांना आणि पाभरीला टिळा लावला. लाल बांधणी, आणि जेठांसमोर, म्हणजे थोरल्या दिरांसमोर, म्हणून पदर हनुवटीपर्यंत. लग्नाला एवढी वर्षं झाली, मुलगी सासरी गेली, तरी ती मोटाभाईंशी समोरून एक शब्द बोललेली नव्हती. मग लापशीचं पातेलं घेऊन ती बांधाबांधाने पलीकडच्या टोकाला गेली, कारण चास संपला की पहिला घास बैलांचा असतो.

मोटाभाईंनी पाभरीवरचं पोतं काढलं. मोटाभाई वाकले आणि पाइपवरून हात फिरवत गेले, पेटीवरून, चाकांवरून.

"गार लागतंय," ते म्हणाले. "लोखंड?"

"वाळवी लागली होती, मोटाभाई. माझ्या हातात मोडली. आणि मग नानजीभाई म्हणाले..."

"हं," मोटाभाई म्हणाले आणि दोर हातात घेतला.

आलं एकदाचं. मोटरची बॅटरी खांद्याला अडकवून धनसुखलाल पाभरीबरोबर चालू लागला. मोटर चालली. गहू पेटीतून नळ्यांत, नळ्यांतून मातीत. चास सरळ चालला होता, खरंच सरळ. त्याला वाटलं, वाचलो. एवढा एक चास पार पडला की मोटाभाईंना कळेल, धाकट्याने मोडलं पण घडवलंही.

अर्धं शेत झालं आणि चास उजवीकडे वळला.

धनसुखलालने आधी चाकांकडे पाहिलं. दोन्ही सरळ फिरत होती. मग त्याने मोटाभाईंच्या हाताकडे पाहिलं. उजवा हात दोर ओढत होता.

"धना," मोटाभाई हळूच म्हणाले, मान न वळवता. "फडकं लावलंयस ना?"

"लावलंय. समोरच."

"हं. दिसतंय."

फडकं समोर नव्हतं. फडकं केव्हाच डावीकडे राहिलं होतं, वाऱ्यावर चांगलं फडफडत. मोटाभाई ज्या लाल रंगाकडे बघत होते तो मुक्ताबेनच्या बांधणीचा होता. ऊन लागलं म्हणून ती काठीजवळून जरा बाजूला, लिंबाखाली सरकली होती. बैल आपल्याकडे येताहेत हे तिने पदराआडून पाहिलं. जेठ थेट आपल्या अंगावर चालत येताहेत म्हटल्यावर ती लाजून आणखी बाजूला झाली. मोटाभाईंनी दोर आणखी ओढला. ती विहिरीकडे सरकली. चास विहिरीकडे वळला. ती घाईने चालू लागली तशी बैलही घाईने चालू लागले.

आता धनसुखलालला खरी भीती वाटली. आयुष्यभर मोटाभाईंची वाटत होती, ही मोटाभाईंसाठी होती. त्याने आजूबाजूला पाहिलं. आंबाभाई बैलांशेजारी चालत होते. मागे सुरतेची पोरं, मोबाइल वर धरलेले. 'मोटाभाई, डावीकडे' एवढं म्हटलं असतं तर चास सुधारला असता आणि गावाला कळलं असतं की वशराम वेकरियाला दिसत नाही. आणि काही न बोलावं तर गाव बघणार होतं की वशरामभाई भावजयीच्या पदरामागे सगळं शेत ओलांडून गेले. धनसुखलालने ओठ घट्ट मिटले आणि तो चालत राहिला. शेवटी मुक्ताबेन गुरांच्या पाण्याच्या हौदामागे जाऊन दडली आणि चास हौदाला जाऊन थांबला.

मोटाभाई वळले. काळ्या चष्म्यातून त्यांनी शेताकडे पाहिलं. त्यांना काय दिसलं असेल कोण जाणे, पण लोकांच्या गप्प बसण्यावरून त्यांना कळलं असावं.

"वशरामभाईंच्या हाताने असा चास?" आंबाभाई म्हणाले. "अहो, डोळ्यांचं ऑपरेशन नीट..."

"यंत्र ओढतं!" धनसुखलाल ओरडला. त्याचा आवाज इतका मोठा होता की बैलांनी मान वळवली. "त्या दिवशी बघितलंत ना सगळ्यांनी? तेव्हा डावीकडे ओढत होतं, आता उजवीकडे ओढतंय! चाकं लहान-मोठी आहेत!"

"काका!" करसन पुढे आला. "चाकं मी स्वतः मोजून..."

"तू गप्प बस, करसन! तुझ्याच चाकांनी घात केला. मोटाभाईंच्या जागी दुसरा असता तर नानजीभाईंच्या वांग्यांत गेला असता. त्यांनी निदान हौदापर्यंत आणलं!"

करसनचा चेहरा पडला. नानजीभाई म्हणाले, "मी पहिल्यापासून सांगत होतो, लाकडाला लोखंड चालत नाही." पोरं हसायला लागली. कुणीतरी भोंग्याचा आवाज काढून दाखवला. हसू सगळं यंत्राच्या आणि धनसुखलालच्या अंगावर आलं, आणि तो ते घेत उभा राहिला.

मोटाभाई हलले नाहीत. क्षणभर त्यांचा चेहरा धनसुखलालच्या आवाजाकडे वळलेला राहिला. मग जे झालं ते वेळाकुव्यात कुणी पाहिलं नव्हतं. मोटाभाईंनी आवाज चढवला.

"कुणी सांगितलं होतं तुला? तेल दे म्हणालो होतो! तेल! बापाच्या पाभरीला चाकं लावतोस? मोटर लावतोस? पाटबंधाऱ्यात कागद खाल्लेस तेवढे पुरे झाले नाहीत, आता लोखंड खायला निघालास? गाढवा, एक चास सरळ जात होता या घराचा..."

ते बराच वेळ बोलले. घसा बसेपर्यंत बोलले. लोक आधी दचकले, मग रंगले, मग त्यांना धनसुखलालची दया आली. आंबाभाईच शेवटी म्हणाले, "जाऊ दे वशरामभाई, शिकलेला माणूस आहे, होतं असं." धनसुखलाल मान खाली घालून ऐकत होता. एवढ्या शिव्या त्याने जन्मात खाल्ल्या नव्हत्या आणि एवढं मोकळंही त्याला कधी वाटलं नव्हतं.

लोकांनी लापशी खाल्ली. ट्रॅक्टर सुरू झाले. गर्दी पांगली. मुक्ताबेन रिकामं पातेलं घेऊन नवऱ्याजवळून जाताना पदराआडून पुटपुटली, "पुढच्या वेळी हिरवी नेसते," आणि घराकडे निघून गेली.

हौदाच्या कडेला दोघे भाऊ उरले. मोटाभाईंनी चष्मा काढला. डोळे तसेच होते, जुने, आतून पांढुरके. कुणी त्यांना हात लावलेला नव्हता.

"झालं नाही ऑपरेशन?" धनसुखलालने विचारलं.

"टेबलापर्यंत गेलो होतो," मोटाभाई म्हणाले. "नर्सबाईने डोळ्यात थेंब टाकला आणि म्हणाली, आता हलू नका हं बापा. मी उठलो आणि चालायला लागलो. अनवाणी. मुलाला सांगितलं, थंडीत करू. गावाला सांगितलं, झालं." थोडा वेळ ते हौदातल्या पाण्यात बोटं फिरवत राहिले. "मला भीती वाटते, धना."

मोटाभाईंना भीती वाटू शकते हे धनसुखलालच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"राजकोटला करू," तो म्हणाला. "मी येतो बरोबर. शेजारी बसेन."

"तुला आत कोण घेईल?"

"नाही घेतलं तर दारात उभा राहीन."

"तू? तुला सुई बघून चक्कर येते."

"आली तर येऊ दे. दवाखान्यातच पडेन ना, कुठे लांब जायचं नाही."

मोटाभाई हसले. मग चष्मा लावला, उठले आणि हात पुढे करून चाचपडत त्यांनी धनसुखलालचा खांदा शोधला. दोघे बांधावरून घराकडे निघाले. पहिलं घर दिसायला लागलं तसा मोटाभाईंनी पुन्हा आवाज चढवला. "वायपर! बापाच्या पाभरीला वायपर!" ते ओट्याओट्यावरच्या माणसांना ऐकू जाईल असं ओरडत चालले, आणि धनसुखलाल "चुकलं, मोटाभाई, चुकलं," म्हणत, खड्डा आला की खांदा जरासा खाली करत, त्यांना घरी घेऊन आला.